नागपूरचं ऊन, रत्नागिरीचा दमटपणा आणि एकच रायडिंग पँट

प्रश्न : मी नागपूरला राहतो, बुटीबोरी एमआयडीसीत कामाला आहे. २५० सीसीची मोटरसायकल आहे, जाऊन-येऊन रोज साधारण ६० किलोमीटर होतात. शिफ्ट सकाळी सात ते दुपारी साडेतीन, म्हणजे परतताना वर्धा रोडवर झळा थेट अंगावर. मार्चमध्ये एका वळणावर रेतीवरून गाडी घसरली. वेग चाळीसच्या आसपास असेल. जीन्सवर बांधलेल्या गार्डमुळे डावा गुडघा वाचला, पण खुब्यावर जीन्स फाटून तळहाताएवढी कातडी सोलली. आता रायडिंग पँट घ्यायची आहे, बजेट आठ-नऊ हजार. दुकानदार म्हणतो फुल मेश घ्या, याहून गार काही नाही. मित्र म्हणतात केव्हलारची, म्हणजे मजबूत कृत्रिम धाग्याची, जीन्स घे. मेअखेरीस सासुरवाडीला, रत्नागिरीला, गाडीनेच जायचं आहे. दोन्हीकडे चालेल अशी एकच पँट मिळेल का? कंबर ३४, उंची पाच फूट सात इंच. कारखान्यात लॉकर आहे, कपडे बदलता येतात.

उत्तर : मिळेल. पण दुकानदाराची नाही आणि मित्रांचीही नाही.

आधी तुमच्या पडण्याकडे बघू, कारण काय घ्यायचं ते त्यातच आहे. चाळीसचा वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. गाडी आडवी झाली की माणूस खुब्यावर आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर आपटतो आणि मग कोरड्या डांबरावर दीडेक सेकंद, आठ-नऊ मीटर घसरत जातो. रेती असली तर आणखी लांब. साध्या जीन्सचं सुती कापड डांबरावर सेकंदभरही टिकत नाही. उरलेला वेळ तुमची कातडी घासली. गार्डने गुडघ्याचा मार झेलला, पण घसरण झेलणं हे कापडाचं काम, आणि ते कापडच नव्हतं. हाच प्रसंग ऐंशीच्या वेगात घडला असता तर घसरण तीन सेकंदांच्या वर आणि पस्तीसेक मीटरची. वर्धा रोडवर ऐंशी हा काही फार वेग नाही.

म्हणून पँट बघताना पहिला प्रश्न कापडाचा, पॅडचा नंतर.

आता दुकानदाराची फुल मेश. मेश म्हणजे जाळीचं कापड, नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं. वारा आरपार जातो, म्हणून गार वाटतं, हे खरंच आहे. पण कुठे आणि केव्हा, हे दुकानातल्या एसीत कळत नाही. माणसाच्या त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. बाहेर ३० अंश असताना वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. बाहेर ४४ असताना तोच वारा अंगाला उष्णता देतो, आणि तुम्हाला गार ठेवायला उरतो फक्त घाम. एक लिटर पाणी वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढून नेतं, त्यामुळे घाम हे काम फार चांगलं करतो. पण उघड्या जाळीतून सत्तर-ऐंशीचा गरम वारा मांडीवर आदळत असेल तर घाम आल्याआल्या उडतो. कपडा ओला दिसत नाही, घाम येतोय हे कळतही नाही, आणि घरी पोचेपर्यंत डोकं दुखायला लागलेलं असतं.

तुम्हाला हे समजवायला लांब जायला नको, घरातला कूलर बघा. त्यात पंखा आहेच, पण गारवा देतात त्या गवताच्या ताट्या. ताट्या काढून नुसता पंखा लावला तर मे महिन्यात दुपारी काय येतं ते प्रत्येक नागपूरकराला माहीत आहे. उघड्या अंगावर फुल मेश म्हणजे ताट्या नसलेला कूलर. त्याला ताटी लागते. ती म्हणजे पँटच्या आत एक पातळ, अंगालगत बसणारी, घोट्यापर्यंतची पॉलिस्टर किंवा नायलॉनची लेगिंग. ती घाम धरून ठेवते, वारा त्यावरून जातो, आणि घाम बेतानं वाळतो. खेळाच्या दुकानात पाचशे-सातशेला मिळते, तीच चालते. सुती नको. सुती कापड भिजलं की बैठकीखाली त्याच्या वळ्या होतात, आणि तीस किलोमीटरमध्ये मांड्यांची सालं निघतात.

दुपारी निघताना लेगिंगच्या मांडीच्या पुढच्या भागावर अर्धी बाटली पाणी ओतून घ्या. फक्त पुढच्या. बैठकीखालचा भाग कोरडाच राहू द्या, वर सांगितलेलं सालं निघण्याचं दुखणं तिथंच सुरू होतं. बुटीबोरी ते नागपूर हा बहुतेक रस्ता त्या ओलाव्यावर निघतो. बाकी कांदा खिशात ठेवायचा असेल तर ठेवा, पॅडच्या खिशात नको एवढंच.

आणि फुल मेशमधली खरी अडचण उष्णतेची नाहीच. स्वस्त फुल मेश पँटमध्ये खुबा, बैठक आणि गुडघ्याची बाहेरची बाजू इथंही तीच जाळी असते, कारण एकाच थानातून सगळं कापलं की स्वस्त पडतं. जाळीत धागा कमी आणि भोकं जास्त. डांबराचा खडा भोकात अडकतो आणि ओळीनं फाडत जातो. नायलॉन आणि पॉलिस्टर घर्षणाने वितळतातही, पॉलिस्टर साधारण २५५ ते २६० अंशांना, नायलॉन जातीप्रमाणे २२० ते २६० अंशांना. म्हणून पँटला भोकं किती आहेत ते बघू नका, कुठे आहेत ते बघा. मांडीचा पुढचा भाग, गुडघ्यामागची खाच, मांडीची आतली बाजू, पोटरीचा मागचा भाग : इथं जाळी असू द्या. पडताना हे भाग सहसा सगळ्यात शेवटी रस्त्याला लागतात, आणि मांडीवर तर वारा समोरून येतो. खुबे, बैठक, गुडघा आणि नडगीची बाहेरची बाजू इथं मात्र घट्ट विणीचं जाड कापड हवं. लेबलवर कॉर्डुरा ५०० डेनियर किंवा पॉलिस्टर ६०० डेनियर असं काहीतरी असतं. डेनियर म्हणजे धाग्याची जाडी. सारख्याच जाडीत नायलॉनची कॉर्डुरा पॉलिस्टरपेक्षा जास्त घासणं सोसते, त्यामुळे पॉलिस्टरचा आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नका.

दुकानात पँट हातात घ्या, आतून उलटी करा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरा. जिथे प्रकाश चाळणीसारखा दिसतो ती जाळी. खुब्यावर आणि बुडाखाली चाळणी दिसली तर पँट परत ठेवा, किंमत विचारूही नका.

तसंच उजेडाकडे धरलेल्या पँटची बाहेरच्या बाजूची उभी शिवण शोधा. कंबरेपासून घोट्यापर्यंत जाते ती. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे रोवा आणि जोरानं ओढा, अगदी ताणून. टाक्यांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे उजेडाचे चौकोन दिसायला लागले तर ती एकेरी शिवण आहे. पडल्यावर कापड टिकतं आणि शिवण उसवते, हे फार वेळा होतं. मग दोन्ही तुकडे शाबूत आणि मधून तुमची मांडी बाहेर. चांगल्या पँटमध्ये इथं निदान दोन ओळी असतात, आणि त्यातली एक तरी आत दुमडलेली, रस्त्याला न लागणारी असते. बाहेरचा टाका घासून गेला तरी आतला धरून ठेवतो. बाहेरून ठळक पांढऱ्या दोऱ्याची नक्षीदार तिहेरी शिलाई दिसली तर ती शोभेची असू शकते, म्हणून आतूनच बघा.

लेबलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. हेल्मेटसाठी आपल्याकडे आयएस ४१५१ आहे, आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे. रायडिंगच्या कपड्यांना तशी सक्ती नाही. त्यामुळे ‘सीई सर्टिफाइड’ (म्हणजे युरोपीय दर्जाप्रमाणे तपासलेली) असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली पँट बऱ्याचदा फक्त गुडघ्याच्या पॅडसाठी सर्टिफाइड असते, पँट नव्हे. पँटचा युरोपीय दर्जा वेगळा, ईएन १७०९२. आतल्या शिवून लावलेल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं आणि शेजारी एएए, एए, ए, बी किंवा सी. आकड्यांच्या शेपटीवरूनही ओळखता येतं : १७०९२-२ म्हणजे एएए, -३ म्हणजे एए, -४ म्हणजे ए. बी म्हणजे कापड ए इतकंच पण पॅडची चाचणी नाही. सी म्हणजे फक्त पॅड धरून ठेवणारी जाळी, दुसऱ्या कपड्याच्या आत किंवा वर घालायची. एकटी सी पँट घालून गाडी चालवणं म्हणजे तुमच्या गार्डवाल्या जीन्ससारखंच.

चाचणीत कापडाचे तुकडे एका फिरत्या यंत्रावरून काँक्रीटवर सोडतात. सगळ्यात धोक्याच्या जागी, म्हणजे खुबा आणि गुडघ्यावर, एएए कापडाला ताशी १२० च्या वेगाला भोक न पडता टिकावं लागतं, एए ला ७० आणि ए ला ४५. याचा अर्थ ए पँट घालून पंचेचाळीसच्या आत सगळं सुरक्षित असा होत नाही. तो यंत्रावरचा वेग आहे, रस्त्यावर कठडा असतो, दुभाजक असतो, ट्रक असतो. पण दोन पँटची तुलना करायला याहून बरं माप नाही. तुमच्या रस्त्यावर एए घ्यावी असं आमचं मत. एएए उन्हाळ्यात बहुतेकांना झेपत नाही, आणि लॉकरमध्ये लटकलेली एएए पँट कोणालाच वाचवत नाही. तुमच्या बजेटमध्ये एए मेश मिळाली नाही तर ए घ्या, पण मग खुब्याचं पॅड वेगळं विकत घ्या, कारण ए दर्जात ते सक्तीचं नाही.

पॅडचं प्रमाणपत्र वेगळं, ईएन १६२१-१. खिशातून पॅड बाहेर काढून बघा. बघू देत नसतील तर दुकान बदला. पॅडवरच छापलेलं असतं : के म्हणजे गुडघा, एच म्हणजे खुबा, शिवाय १ किंवा २ ही पातळी. चाचणीत ५ किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पॅडवर पाडतात आणि खाली किती जोर पोचतो ते मोजतात. पातळी १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, पातळी २ ला २० पर्यंतच. गुडघ्याला आणि खुब्यालाही २ घ्या. जाड असतं, घाम येतो अशी तक्रार असते, पण आता भोकं पाडलेली मऊ पातळी २ ची पॅड मिळतात. पॅडवर टी+ असं चिन्ह असेल तर तुमच्यासाठी ते सोनं. मऊ फोमची पॅड गरम झाली की लिबलिबीत होतात आणि मार कमी शोषतात. टी+ म्हणजे ४० अंशांना तापवूनही चाचणी घेतलेली आहे. मेमध्ये तुमची पँट गाडीवर बसूनच चाळीस गाठते.

पॅडवर काहीच छापलेलं नसेल, तर तो पादत्राणात घालतात तसला साधा फोम आहे. खुब्याच्या खिशात तो हमखास सापडतो. काढून टाका आणि त्या जागी खरं पॅड घाला. खिशाची लांबी-रुंदी आधी पट्टीनं मोजून न्या, सगळ्या कंपन्यांचे खिसे सारखे नसतात.

मापाबद्दल : तुमची ३४ ही जीन्सच्या लेबलवरची ३४ असणार. जीन्सवाले हल्ली दिलदार असतात; टेप लावलात तर ३५-३६ निघेल. जिथे पँट बसते तिथे टेप धरा, आणि खाली बसून खुब्यांचा घेरही मोजा. साइझ चार्ट त्या मापानं बघा. पँटसोबत पावसाचा लायनर, म्हणजे आतलं सुटं अस्तर, असेल तर तो काढून घालून बघा, कारण उन्हाळ्यात तुम्ही तो काढणारच, आणि काढल्यावर कंबर सैल होते.

घालून आरशासमोर उभं राहणं निरुपयोगी. स्वतःच्या गाडीवर बसा. बसल्यावर पँटचा पाय वर सरकतो, पाच-सात सेंटिमीटर सहज. म्हणून उभं असताना पॅड गुडघ्याच्या वाटीच्या थोडं खाली दिसलं तर घाबरू नका. बसल्यावर ते वाटीवर यायला हवं आणि त्याची शेपटी नडगीवर उतरायला हवी. न आल्यास आतल्या वेल्क्रोनं पॅडची उंची बदलता येते का ते बघा. आता सोबत्याला सांगा, पॅड बाहेरून धरून आडवं ढकल. दोन बोटांपेक्षा जास्त सरकलं तर पडताना ते गुडघ्यामागे जाईल. गुडघ्याखालचा पट्टा आवळून पुन्हा करा. सैल पँट हवेशीर वाटते, पण ऐन वेळी पॅड जागेवर नसतं, आणि सैल पायचा सायलेन्सरला टेकला की भोक पडतं. पोटरीच्या आतल्या बाजूला उष्णता सोसणाऱ्या कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा असेल तर उत्तम.

गाडीला रेडिएटर असेल तर आणखी एक बघा. ट्रॅफिकमध्ये पंखा सुरू झाला की गरम हवा कोणत्या नडगीवर येते ते तुम्हाला ठाऊक असेलच. त्या जागी जाळी असली तर ती हवा थेट आत. तिथे भरीव कापड असलेली पँट घ्या.

केव्हलारची जीन्स वाईट नाही. ऑफिसला तीच घालून बसायचं असतं तर तीच सांगितली असती. पण तुम्हाला लॉकर आहे. त्या जीन्समध्ये दोन जाती आहेत : साध्या जीन्सच्या आत केव्हलारचा थर, किंवा धाग्यातच मजबूत तंतू विणलेलं एकेरी कापड. पहिल्या जातीत थर बऱ्याचदा फक्त गुडघा आणि बैठकीला असतो, खुब्याच्या बाजूला नसतो; म्हणजे तुमची जखम नेमकी त्याच जागी पुन्हा. पूर्ण थर असेल तर नागपुरात घालवत नाही. एकेरी कापडाची जीन्स त्यातल्या त्यात हलकी, एए दर्जाचीही मिळते, पण तुमच्या बजेटमध्ये बसणं कठीण, आणि वारा कुठूनच आत येत नाही.

जुने गार्ड फेकू नका. कच्च्या रस्त्यावर, हळू वेगात पडण्याला ते बरे आहेत. हायवेवर मात्र त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता रत्नागिरी. तिथे कूलर कोणी लावत नाही, कारण हवाच पाण्यानं भरलेली. तापमान तेहतीस-चौतीस, नागपूरच्या मानाने कमी, पण घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. तिथे हवा वाहती ठेवणं एवढंच हातात असतं. म्हणून मांडीला जाळीवर चेन असलेली पँट शोधा. वर्धा रोडवर दुपारी ४० च्या वर पारा गेला की चेन अर्धी बंद, आत ओली लेगिंग. सह्याद्री उतरून खाली गेलात की चेन पूर्ण उघडी, लेगिंग कोरडी. तिथे पाणी ओतून काही फायदा नाही, उलट घामोळं येईल. चेनवाली मिळाली नाही तर मांडीला जाळी असलेली साधी घ्या आणि नागपुरात वरून पातळ विंडप्रूफ पँटऐवजी लेगिंगवरच भागवा. त्या उन्हात वर आणखी एक थर चढवणं जमत नाही.

मेअखेरीस कोकणात वळीव गाठू शकतो. पँटसोबतचा आतला लायनर त्या वेळी उपयोगाचा नाही : तो घालायला रस्त्यात पँट उतरवावी लागते, आणि बाहेरचं कापड भिजून जड होतं ते वेगळंच. वरून चढवायची साधी रेनपँट, बुटावरून घालता येईल इतक्या रुंद पायच्याची, बॅगेत वरच ठेवा.

जॅकेट आधीपासून असेल तर त्याच कंपनीची पँट आधी बघा. दोन्हीच्या कंबरेला जोडायची चेन जुळली तर घसरताना जॅकेट वर जात नाही आणि पाठीची खालची पट्टी उघडी पडत नाही. ही आडवी चेन काही पँटना फक्त मागे वीतभर असते, तीही चालेल.

पैशांचं गणित असं : सहा-सात हजार पँटला, उरलेले खुब्याच्या पॅडला आणि लेगिंगला. रंग शक्य तर राखाडी. वर्धा रोडच्या सिग्नलवर थांबलात की काळ्या आणि फिक्या मांडीतला फरक हाताला कळतो. फिकी मळते, हे खरं.

धुताना पॅड काढा, सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद करा. उघड्या वेल्क्रोचे आकडे जाळीचे धागे उचकटतात आणि तिथूनच ती फाटायला लागते. गार पाणी, थोडी सौम्य पावडर, ब्लीच आणि सॉफ्टनर नको. नागपूरच्या मेमध्ये आठवड्याला एकदा धुवावीच लागेल, घामाचं मीठ शिवणीत साचून दोरा कुरतडतं. वाळत सावलीत घाला, उलटी करून. गाडीच्या सीटवर उन्हात टाकून ठेवू नका, दोऱ्याला आणि पॅडला दोघांनाही ते बाधतं. पुन्हा कधी पडलात तर जाळीवरून बोट फिरवून बघा. एखादी जागा चकचकीत आणि कडक लागली तर तिथले धागे वितळून चिकटले आहेत, भोक दिसत नसलं तरी ती पँट बाद.